मावळतीच्या उजेडात दुर्बिणीची पारख

प्रश्न : मी मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळ राहतो. वय ५३, ग्रीन कार्डधारक. कार्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर गेली दोन वर्षे नोव्हेंबरात उत्तरेकडच्या जंगलात हरणाच्या शिकारीला जातो आहे, पण आतापर्यंत रायफल उसनी असे. यंदा .३०८ कॅलिबरची स्वतःची बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली आणि दुर्बिणीपाशी येऊन अडलो. चारशे डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे. दुकानातल्या विक्रेत्याने ४-१६×५० ची (म्हणजे चार ते सोळापट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची), नेम धरायच्या प्रकाशमान फुलीची आणि अंतराच्या खुणा असलेली दुर्बीण सुचवली. माझे सहकारी मात्र ‘साधी ३-९×४० घे आणि मोकळा हो’ एवढेच म्हणतात. मी प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो. खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवून दुर्बीण स्वतः कशी पारखावी?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : विक्रेत्याने तुम्हाला खोटे काही सांगितलेले नाही, त्याने फक्त तुमच्या जंगलाचा विचार केलेला नाही. वायोमिंगच्या उघड्या माळावर तीनशे यार्डांवरचे प्राँगहॉर्न टिपणाऱ्यासाठी त्याची सूचना योग्य ठरली असती. उत्तर मिशिगनच्या ओक, मेपल आणि सीडरच्या गर्दीत मचाणावर बसणाऱ्याला शंभर यार्डांपलीकडे मोकळी जागाच क्वचित दिसते, आणि तिथे सोळापट मोठे दिसून करायचे काय, हा प्रश्न उरतो. तुमच्या सहकाऱ्यांचे उत्तर बरोबर आहे. ते बरोबर का आहे, हे कळले की पारख आपोआप जमते.

मिशिगनमध्ये रायफलीने हरीण मारण्याचा नेहमीचा हंगाम १५ ते ३० नोव्हेंबर असा असतो, आणि सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्या वेळात बार काढता येतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी सूर्य संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. म्हणजे पावणेसहाच्या आधी सारे संपते, आणि तुम्ही दोन वर्षे बसलेले आहात म्हणून ठाऊक असेलच की दिवसभर न फिरकलेले हरीण नेमके त्या शेवटच्या वीस मिनिटांत झाडीच्या कडेला येऊन उभे राहते. मध्यम किमतीच्या दुर्बिणीची खरी परीक्षा त्या वीस मिनिटांत होते. दुपारच्या लख्ख उन्हात ऐंशी डॉलरची दुर्बीणही आठशे डॉलरच्या दुर्बिणीसारखीच दिसते, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर फरक कळण्याची शक्यताच नसते.

मी हे अनुभवाने शिकलो. माझी पहिली दुर्बीण मी आकडे पाहून घेतली होती. एका संध्याकाळी साठ-सत्तर यार्डांवर हरीण आले. नुसत्या डोळ्यांनी त्याची मान, पाठ आणि पांढरा गळा दिसत होता, पण दुर्बिणीला डोळा लावला की सगळे राखाडी दुधात बुडाल्यासारखे होई. त्याला शिंगे आहेत की नाहीत, एवढेही कळेना. ज्याच्या परवान्यावर शिंगवाला नरच मारायचा आहे, त्याने अशा वेळी चाप ओढणे बेकायदा तर आहेच, शिवाय नेम चुकून जखमी झालेले जनावर रात्रभर झाडीत तडफडते, ते वेगळेच. मी बंदूक खाली ठेवली. शेजारच्या मचाणावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे चारपट वर्धनाची जुनीपुराणी दुर्बीण होती; तळावर परतल्यावर ते म्हणाले की त्याच हरणाच्या शिंगांचे फाटे त्यांनी मोजले होते.

त्यांना दिसले आणि मला दिसले नाही, याचे कारण साध्या भागाकारात आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले वर्धन म्हणजे नेत्रिकेतून, अर्थात डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहिली तर नेत्रिकेत एक पांढरी टिकली दिसते, तोच हा गोल. चाळीस मिलिमीटरच्या भिंगाला नऊपट वर्धनावर ही टिकली ४.४ मिलिमीटरची असते, सहापट वर्धनावर ६.७ ची आणि तीनपट वर्धनावर १३ पेक्षा मोठी. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी उलटलेल्याची साधारण पाचपर्यंतच. टिकली बाहुलीपेक्षा लहान असेल तर चित्र काळपट दिसते. मोठी असेल तर जादा उजेड बाहुलीबाहेर वाया जातो. आता विक्रेत्याच्या दुर्बिणीचा हिशेब पाहा : ५० भागिले १६ म्हणजे जेमतेम ३.१. संध्याकाळी ते सोळा तुम्हाला आठ-दहावर आणावेच लागणार, आणि तिथवर तर तुमच्या सहकाऱ्यांची नऊपट दुर्बीणही जातेच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ३-९×४० घेऊन, सूर्य मावळल्यावर वर्धनाचे कडे सहाच्या पुढे न नेणे, हा तुमच्या डोळ्यांसाठी जवळजवळ मापाने शिवलेला सदरा आहे.

पन्नास मिलिमीटरचे भिंग टाकाऊ असते असे नाही, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. भिंग मोठे म्हणून दुर्बीण रायफलीच्या नळीपासून उंच बसवावी लागते, ती उंच बसली की गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, आणि गाल अधांतरी राहिला की डोळा दर वेळी वेगळ्या जागी जातो. शिवाय वजन. साधी ३-९×४० चारशे ग्रॅमच्या आतबाहेर असते. ४-१६×५० बरेचदा सहाशेच्या पुढे जाते. हलक्या रायफलीच्या डोक्यावर हा बोजा दिवसभर वाहून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते खांद्याला कळेल.

उजेडाच्या हिशेबातला दुसरा भाग काचेवरच्या लेपाचा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत हवेला लागून असलेले असे दहा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत ६६ टक्केच पोहोचतो. म्हणजे एक तृतीयांश उजेड वाटेतच गळाला. १९३५ मध्ये जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेपाचे पेटंट घेतले आणि तिथून हे चित्र पालटले. आजच्या चांगल्या बहुस्तरी लेपाने हेच नुकसान दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते, आणि त्याच दहा पृष्ठभागांतून ९५ टक्के प्रकाश पार होतो. खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असे लिहिलेले पाहावे. (ही ‘फुली’ इंग्रजीतली, आपली नेमाची फुली नव्हे.) नुसते ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ लिहिले असेल, तर काही पृष्ठभाग कोरडे किंवा एकाच थराचे असण्याला जागा राहते. ‘९९ टक्के प्रकाश’ अशी जाहिरात दिसली तर तो आकडा एका पृष्ठभागाचा की साऱ्या दुर्बिणीचा, हे विचारावे. विक्रेता गडबडला तर उत्तर मिळालेच. ९० आणि ९२ टक्क्यांतला फरक मात्र कोणत्याही डोळ्याला दिसत नाही, त्याच्या नादी लागू नये. त्याहून फरक पडतो तो दुर्बिणीच्या नळीच्या आत भरकटणाऱ्या उजेडाने. माझ्या पहिल्या दुर्बिणीतले ‘राखाडी दूध’ होते ते हेच.

तेव्हा दुकानात जायचेच तर संध्याकाळी जावे. दोन किंवा तीन दुर्बिणी निवडाव्यात आणि त्या रायफलीवर न चढवता, नुसत्या हातात घेऊन, दुकानाच्या माणसाला बरोबर घेऊन दाराबाहेर उभे राहावे. बरीच दुकाने याला नाही म्हणत नाहीत. जी म्हणतात, तिथून सामान परत करण्याची मुदत विचारून घ्यावी आणि हीच परीक्षा घराच्या मागच्या अंगणात करावी. सगळ्यांचे वर्धन सहावर सारखे ठेवावे, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. दूरच्या कुंपणापलीकडचे झाड शोधून त्याच्या खोडाची साल पाहावी, झुडपाच्या पोटातल्या सावलीत काडी आणि काडी वेगळी दिसते का ते पाहावे. मग मावळतीच्या बाजूला वळावे, सूर्य क्षितिजाखाली गेल्याची खात्री करूनच, आणि उजळ आकाशाच्या जरा खाली असलेली काळी झाडी पाहावी. इथे स्वस्त दुर्बिणी चित्रावर पांढुरका पडदा ओढतात. दर पाच मिनिटांनी हे पुन्हा करावे. कोणती दुर्बीण आधी हार मानते आणि कोणती दहा मिनिटे जास्त टिकते, हे घड्याळावर टिपावे. मध्यम किमतीच्या दुर्बिणींत, म्हणजे मी २०० ते ५०० डॉलरची श्रेणी धरतो आहे, या एका परीक्षेत बरीच निवड होऊन जाते, आणि महागडी नेहमीच जिंकते असेही नाही.

तुमच्या चष्म्याबद्दल. दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली म्हणजे डोळा आणि नेत्रिका यांतले अंतर. साऱ्या चित्राचा गोल काळ्या कडेविना दिसण्यासाठी डोळा जितका मागे ठेवता येतो, ते अंतर शिकारी दुर्बिणीत साडेतीन ते चार इंच असावे. .३०८ चा धक्का फार नसला तरी वरच्या दिशेने नेम धरताना माणूस नकळत पुढे सरकतो, आणि मग नेत्रिकेची कड भुवईवर अर्धचंद्र काढते. चष्मा असला की ती कड आधी काचेवर येते. हे अंतर सर्वांत कमी वर्धनावर आणि सर्वांत जास्त वर्धनावर असे दोनदा तपासावे, कारण काही दुर्बिणींत वर्धन वाढवले की ते अर्धा इंच आक्रसते. दुसरी गोष्ट प्रोग्रेसिव्ह काचेची : गाल दस्त्यावर टेकला की मान पुढे झुकते आणि तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहता, जिथे चित्र थोडे वेडेवाकडे होते. बरेच चष्मेवाले शिकारी लांबच्या नंबराची साधी एकेरी काच करून घेतात. तो खर्च दुर्बिणीच्या हिशेबात धरावा असे मी सुचवेन.

नेत्रिका स्वतःच्या डोळ्याला लावून घेणे हे काम नव्वद टक्के लोक उलटे करतात, असे म्हणायचा मोह होतो. दूरचे झाड स्पष्ट दिसेपर्यंत ते नेत्रिका फिरवत बसतात. ती झाडासाठी नसतेच. ती फुलीसाठी असते. कोऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे दुर्बीण धरावी, डोळे मिटावेत, उघडून एक क्षणभर पाहावे, आणि त्या पहिल्या क्षणी फुली काळी कुळकुळीत, धारदार दिसते का ते ठरवावे. जास्त वेळ पाहिले तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि आपली फसगत होते.

फुलीबद्दल थोडक्यात. बाहेरून जाड आणि मध्याकडे बारीक होणारी ड्युप्लेक्स फुली अंधुक उजेडातही हरवत नाही, कारण मधल्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या तरी चार जाड खांब नजरेला मध्यावर आणून सोडतात. अंतराच्या खुणांची गुंतागुंतीची फुली तुमच्या जंगलात निरुपयोगी आहे. त्यातही या श्रेणीतल्या बहुतेक दुर्बिणींत फुलीचा आकार वर्धनाबरोबर बदलत नाही, त्यामुळे त्या खुणा एकाच वर्धनावर, बहुधा सर्वांत जास्त वर्धनावरच, खऱ्या असतात. सहावर ठेवलेल्या दुर्बिणीत तीनशे यार्डांची खूण तीनशेची राहत नाही. प्रकाशमान फुली असली तर वाईट नाही, पण ती अगदी मंद ठेवता आली पाहिजे. मंदातल्या मंद पायरीवरही लाल दिवा डोळ्यात भरत असेल तर बाहुली आक्रसते आणि तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेला उजेड बाहेरच राहतो.

विक्रेता पॅरॅलॅक्सचाही उल्लेख करील आणि तो घालवणाऱ्या बाजूच्या चक्रीचे जादा पैसे सांगील. डोळा मध्यातून सरकला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते, तो हा दोष. शिकारी दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवून सीलबंद केलेल्या असतात. चाळीस मिलिमीटरच्या भिंगात, डोळा अगदी कडेला गेला तरीही, दोनशे यार्डांवर जास्तीत जास्त २० मिलिमीटरची आणि तीनशेवर ४० मिलिमीटरची चूक होते. हरणाच्या छातीतला जीवघेणा भाग सुमारे वीस सेंटिमीटरचा असतो. तेव्हा ती चक्री दुकानातच सोडून द्यावी.

यानंतर येते ते यंत्राचे काम, आणि इथे मी काचेपेक्षाही कडक आहे. चांगले दिसणारी पण झिरो, म्हणजे फुली आणि गोळी यांचा एकदा जुळवलेला मेळ, न टिकवणारी दुर्बीण ही लबाड असते, कारण ती तुमचा विश्वास संपादन करून फसवते. बसवतानाच निम्मे काम होते. दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी पट्टी आणि कडी यांच्यावर कारखान्याचे तेल असते. ते पुसून काढावे. स्क्रू हाताच्या अंदाजाने नव्हे, तर आवळण्याचे बळ मोजणाऱ्या टॉर्क रेंचने, कडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापाने आवळावेत. कड्यांच्या स्क्रूंना हे माप साधारण १५ ते १८ इंच-पाउंड असते, आणि ‘थोडे जास्त बरे’ म्हणून आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते. फुली सरळ बसवायला मी गॅरेजच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा टांगतो. रायफल बाकावर सपाट पातळीत धरायची, दुर्बिणीतून दोरीकडे पाहायचे आणि फुलीची उभी रेघ दोरीवर झोपेपर्यंत नळी कड्यांत अलगद फिरवायची. माझा ओळंबा इचलकरंजीहून आणलेला आहे. पितळेचा, वडिलांच्या हातचा. त्याच्याइतके सरळ दुसरे कोणतेही महागडे साधन मला आढळलेले नाही.

मग शंभर यार्डांच्या रेंजवर. बहुतेक दुर्बिणींत फुली सरकवणाऱ्या चक्रीची एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), शंभर यार्डांवर सुमारे पाव इंच. आधी गोळ्या न उडवता तपासावे : बोल्ट काढलेली रायफल घट्ट जखडावी, लक्ष्याच्या कागदावर ओळंब्यानेच एक उभी रेघ आखून तिच्यावर २१ इंचांचे अंतर मोजून दोन खुणा कराव्यात, फुली एका खुणेवर ठेवावी आणि ८० क्लिक फिरवाव्यात. ८० क्लिक म्हणजे २० मिनिटे, म्हणजे शंभर यार्डांवर २०.९ इंच. फुली दुसऱ्या खुणेवर पोहोचली, वाटेत डावी-उजवीकडे भटकली नाही, आणि ८० क्लिक उलट फिरवल्यावर नेमकी पहिल्या खुणेवर परतली, तर यंत्र प्रामाणिक आहे. या पद्धतीत रायफलीचा आणि तुमच्या हाताचा दोष मधे येत नाही, हा तिचा मोठा फायदा.

त्यानंतर चौकोनाची परीक्षा : झिरो झाल्यावर तीन गोळ्या, मग २० क्लिक वर आणि तीन गोळ्या, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, दर वेळी नेम त्याच मध्यावर. शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींत मिसळल्या पाहिजेत. रायफलीची नळी तापू देऊ नये. दर तीन गोळ्यांनंतर थांबावे, चहा प्यावा. तुमची रायफल मुळातच गोळ्यांचा दीड इंचाचा घोळका पाडत असेल तर अर्ध्या इंचाच्या फरकासाठी दुर्बिणीला दोष देऊ नये. हे झाले की रायफल गाडीत घालून घरी आणावी, आठवड्याने पुन्हा रेंजवर न्यावी आणि थंड नळीने पहिली गोळी कुठे जाते ते पाहावे. शिकारीत तीच एक गोळी तुमच्या वाट्याला असते.

पैशांचे वाटप विचाराल तर चारशेतले तीनशे दुर्बिणीला, साठ-सत्तर चांगल्या पट्टी-कड्यांना आणि उरलेले टॉर्क रेंचला द्यावेत. या श्रेणीत ल्युपोल्ड, व्हॉर्टेक्स, बरिस यांच्या साध्या ३-९×४० सहज मिळतात. त्यांतली कोणती, ते तुमच्या अंगणातली संध्याकाळ सांगेल. हमीपत्र वाचताना हेही ध्यानात असू द्यावे की हमी कंपनीच्या धंद्याइतकीच टिकते : निकॉनसारख्या नावाजलेल्या कंपनीने २०१९ च्या अखेरीस रायफलीच्या दुर्बिणी बनवणे थांबवले.

मचाणावर हरणाची वाट पाहताना मात्र वर्धन तीनवर किंवा चारवर ठेवूनच बसावे. हरीण दूर असले तर कडे फिरवायला वेळ मिळतो. वीस यार्डांवर अचानक उभे राहिले तर मिळत नाही, आणि नऊपट वर्धनात तुम्हाला नुसती तपकिरी लोकर दिसते. आणि दुर्बिणीतून ‘कोण येतेय ते पाहू’ असे कधीही करू नये. त्यासाठी गळ्यात साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असावी, कारण रायफलीची दुर्बीण जिकडे वळते तिकडे बंदुकीची नळीही वळते.

प्रश्न : मी मिनेसोटात एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेली ३-९×४० दुर्बीण नव्वद डॉलरला घेतली. रेंजवर पहिल्या दिवशी ठीक होती. आता गोळ्या कधी दोन इंच डावीकडे, कधी वर. दुर्बीण बिघडली आहे असे समजून टाकून द्यावी का? बिलही नाही.
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : दुर्बीण शेवटची संशयित आहे, पहिली नाही. आधी पट्टीचे स्क्रू, मग कड्यांचे, मग दस्ता आणि रायफलीचा सांगाडा यांना जोडणारे मोठे स्क्रू तपासावेत. बहुधा त्यांतलाच एखादा ढिला सापडतो. दुर्बिणीच्या नळीवर कडीलगत पेन्सिलीची बारीक रेघ मारून दहा गोळ्या उडवाव्यात. रेघ कडीपासून सरकली तर दुर्बीण घसरते आहे, बिघडलेली नाही. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर मित्राची विश्वासाची दुर्बीण दोन तासांसाठी चढवून पाहावी. तिच्यानेही गोळ्या भटकल्या तर रायफलीकडे किंवा काडतुसांकडे वळावे. दोष तुमच्याच दुर्बिणीत निघाला तरी टाकू नये. ल्युपोल्ड, व्हॉर्टेक्स आणि बरिस या तिन्ही कंपन्यांची हमी दुर्बिणीबरोबर जाते, मूळ खरेदीदाराबरोबर नव्हे, आणि बिल नसल्याने अडत नाही.

थंडीतून उबदार घरात आणल्यावर काचेवर बाहेरून येणारे बाष्प हा बिघाड नाही. आतल्या बाजूने आले तर मात्र सील गेले आणि आतला नायट्रोजन निघून गेला असे समजावे. मिनेसोटाच्या नोव्हेंबरात मी रायफल रात्री गारठ्यातच, कुलपात, ठेवतो. सकाळी नेत्रिकेवर श्वास पडू नये म्हणून तोंडावरचा मफलर नाकाखाली घ्यावा.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात १० मीटर एअर रायफलचा सराव करतो. क्लबची रायफल वापरतो, घरी स्प्रिंगची साधी एअर रायफल आहे. भाऊ अमेरिकेतून दिवाळीला येतो आहे. त्याच्याकडून ३-९×४० ची दुर्बीण मागवली तर मुलाचा नेम सुधारेल का? पुढे शेतात रानडुकरांसाठीही उपयोग होईल असे घरचे म्हणतात.
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : मागवू नये, ताई. रानडुकरांचे आधी सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. पिकाची नासधूस होत असली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीविना जनावर मारता येत नाही, आणि एअर रायफलीने तर ते मरणारही नाही, नुसते जखमी होऊन बिथरेल. भावाच्या बॅगेचेही तसेच आहे : रायफलीची दुर्बीण अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण नियमांखाली येते, त्यामुळे परवान्याची गरज तपासल्याविना ती विमानात नेणे म्हणजे नसती आफत ओढवून घेणे.

मुलाच्या सरावालाही ती घातकच ठरेल. १० मीटर एअर रायफल असो की ज्यात राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ती ५० मीटर थ्री पोझिशन्स असो, या स्पर्धांत दुर्बिणीला परवानगी नसते. डोळ्याजवळची छिद्राची चकती आणि नळीच्या टोकावरचे कडे यांवरच नेम धरायचा असतो. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. हरणाच्या रायफलीसाठी बनवलेल्या दुर्बिणीतली भिंगे आणि फुली तो झटका सोसतीलच असे नाही. आणि वर मिशिगनच्या वाचकांना सांगितलेला पॅरॅलॅक्स इथे उलटा फिरतो. शंभर यार्डांसाठी जुळवलेली दुर्बीण दहा मीटरवर धरली तर चित्र अस्पष्ट तर दिसतेच, शिवाय डोळा कडेला सरकल्यास चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. मुलाच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे.